डोंगर कुणाच्या गोष्टीचा बांधायचा, हे कोण ठरवते?

अमेरिकेतल्या थीम पार्कमधल्या एका राइडवर लेख लिहितोय, असे सांगितल्यावर आमच्याच काही सहकाऱ्यांनी कपाळावर हात मारला. "इथे पोरांच्या शिष्यवृत्त्या रखडल्यात आणि तुम्हाला डिस्नेचा पाळणा सुचतोय?" त्यांचा राग आम्हाला समजतो. पण मित्रांनो, आपण कोण आहोत हे मुलाला शाळेच्या पुस्तकाआधी गोष्टीतून कळते. ती गोष्ट कोण सांगतो, तिच्यातून कुणाला वगळतो आणि तिच्यावर पैसा कोण कमावतो, हा सत्तेचाच प्रश्न आहे. म्हणून लिहितो आहोत.

सुरुवात १९४६ पासून करू. त्या वर्षी डिस्नेने 'साँग ऑफ द साउथ' हा चित्रपट काढला. त्यात माणसेही होती आणि अॅनिमेशनही. अंकल रीमस नावाचा म्हातारा कृष्णवर्णीय एका गोऱ्या पोराला ब्रेर रॅबिट या चतुर सशाच्या गोष्टी सांगतो. काळ गुलामगिरी संपल्यानंतरचा, पण मळ्यावर सगळे कसे गोडीगुलाबीने चाललेले. मालक मायाळू, मजूर गाणी म्हणत कामाला जाणारे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेने चित्रपटातली तांत्रिक करामत मान्य केली, पण मालक-गुलाम नात्याच्या या गोजिरवाण्या चित्रावर जाहीर आक्षेप घेतला. पहिला खेळ अटलांटा शहरात झाला. रीमसची भूमिका करणारे जेम्स बास्केट त्या सोहळ्यात नव्हते, कारण त्या शहरात वंशभेदाचे कायदे होते. १९४८ मध्ये त्यांना विशेष ऑस्कर दिले गेले आणि त्याच वर्षी ते वारले.

१९४६ हे साल आपल्यालाही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची आणि इथल्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास करणे आवश्यकच आहे, असा त्या पत्राचा आशय होता. कृष्णवर्णीय जनता संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करत होती, त्याची प्रत त्यांनी मागितली होती. ड्यू बॉइस तेव्हा एन.ए.ए.सी.पी.मध्येच काम करत होते. म्हणजे या पडद्यावरच्या मळ्याशी आपला काही संबंध नाही, असे आपण तरी म्हणू नये.

आता त्या सशाकडे वळू. ब्रेर रॅबिटच्या गोष्टी मुळात गुलामीत जगणाऱ्या माणसांच्या. त्यांची मुळे आफ्रिकेतल्या लोककथांत आहेत. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने जॉर्जियातल्या मळ्यावर लहानपणी त्या ऐकल्या आणि १८८० च्या सुमारास पुस्तकरूपाने आणल्या. दुबळा ससा बलाढ्य कोल्ह्याला आणि अस्वलाला बुद्धीने हरवतो. ऐकणाऱ्या गुलामांना कोल्हा कोण आणि ससा कोण, हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये याच गोष्टींवर 'स्प्लॅश माउंटन' उभा राहिला. लाकडाच्या ओंडक्यासारखी नाव, तिच्यात बसून पाण्याच्या पाटातून डोंगराच्या पोटात जायचे. आत यंत्राने हलणारी, बोलणारी, गाणारी जनावरे. त्यातली बरीचशी एका बंद केलेल्या जुन्या कार्यक्रमातून उचलून आणलेली. सुमारे दहा मिनिटांची फेरी आणि शेवटी पन्नास-एक फुटांवरून खाली उडी.

राइड म्हणून हे काम अव्वल होते, हे आम्ही नाकारत नाही. साधा पाळणा माणसाला नुसता घाबरवतो. इथे भीतीला अर्थ होता. कोल्ह्याने सशाला पकडलेले असते. ससा गयावया करतो, काहीही कर पण त्या काटेरी झुडपात फेकू नकोस. कोल्हा नेमके तेच करतो. आणि काटेरी झुडूप हेच तर सशाचे घर! नाव वरून खाली कोसळते तेव्हा आपण त्या सशाबरोबर सुटत असतो. पडणे हीच सुटका. गुलामांच्या बुद्धीतून आलेली कल्पना कोट्यवधी लोकांनी अंगावर पाणी उडवून घेत अनुभवली.

पण ही कल्पना कुणाची, हे मात्र डोंगरात कुठेच कळत नव्हते. वादग्रस्त म्हणून अंकल रीमसला पात्र म्हणून गाळले होते. सशाला चिकटवून ठेवणारी डांबराची बाहुलीही वादग्रस्त, म्हणून तिच्या जागी मध आणला. गोष्ट सांगणारा काळा माणूस बाहेर, त्याचा ससा आत! मळा पुसला, मालक पुसला आणि गुलामही पुसला. उरली ती फक्त करमणूक आणि तिकीट.

इथे आणखी एक गंमत पाहा. अमेरिकेत हा चित्रपट डिस्नेने घरच्या व्हिडिओवर कधीच आणला नाही. तिथल्या चित्रपटगृहांत तो शेवटचा लागला १९८६ मध्ये. म्हणजे पुढच्या तीस वर्षांत त्या नावेत बसलेल्या बहुतेक पोरांनी तो पाहिलेलाच नव्हता. तरी कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि टोकियो असे तीन डोंगर उभे राहिले आणि तिन्हीकडे रांगा लागल्या. मग ओळखीच्या चित्रपटावरच राइड चालते, हा नियम आला कुठून? 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही राइड १९६७ ची. तिच्यामागे कोणताच चित्रपट नव्हता. उलट २००३ मध्ये राइडवरूनच चित्रपट निघाला आणि त्याची मालिका झाली.

हाच खोटा नियम अॅनिमेशनपटांना लावला जातो. प्रेक्षकांना नवीन गोष्टी नकोत, ओळखीच्याच हव्यात, असे म्हणतात. पुरावा म्हणून २०२५ चा 'एलियो' दाखवतात. पिक्सारच्या या नव्या कथेला अमेरिकेत पहिल्या आठवड्याअखेर जेमतेम दोन कोटी डॉलर मिळाले, कंपनीच्या इतिहासातली सर्वांत कमजोर सुरुवात. त्याच्या आदल्या वर्षी 'इनसाइड आउट २' ने जगभरात सुमारे १७० कोटी डॉलर कमावले होते. आकडे खरे आहेत. चार माणसांच्या तिकिटांचा खर्च पाहता आईबाप खात्रीचा चित्रपट निवडतात, हेही खरे आहे.

पण 'इनसाइड आउट २' आला कुठून? २०१५ च्या 'इनसाइड आउट'मधून, आणि तो त्या वेळी अगदी नवी गोष्ट होता. 'मोआना' आणि 'झूटोपिया' हे दोन्ही २०१६ चे, दोन्ही तेव्हा नवेच. आज ज्या ओळखीवर पैसा येतो ती ओळख काल कुणीतरी नव्या गोष्टीवर विश्वास टाकला म्हणून तयार झाली. आणि मधल्या काळात काय केले? 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' या तीन नव्या कथा महामारीच्या निमित्ताने अमेरिकेत थेट घरच्या पडद्यावर सोडल्या. पिक्सारचा पहिला कृष्णवर्णीय नायक 'सोल'मध्ये होता, तर 'टर्निंग रेड'मध्ये कॅनडातली चिनी वंशाची मुलगी. नव्या गोष्टी घरबसल्या मिळतात ही सवय आधी लावायची आणि मग लोक नव्या गोष्टीला थिएटरात येत नाहीत म्हणून बोटे मोडायची! २०२५ मध्येच 'के-पॉप डीमन हंटर्स' ही पूर्णपणे नवी कथा नेटफ्लिक्सवर सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरली. भूक होती. वाढणारे हात आखडते होते.

टियानाची कथा याच हातांची आहे. २००९ चा 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' हा डिस्नेच्या पहिल्या कृष्णवर्णीय राजकन्येचा चित्रपट. आठवडाभरात समोर 'अवतार' आला. तरी त्याने जगभरात सुमारे २७ कोटी डॉलर मिळवले. कंपनीला ते कमी वाटले. 'प्रिन्सेस' शब्दामुळे मुलगे येत नाहीत असे निदान झाले आणि पुढच्या रॅपन्झेलच्या चित्रपटाचे नाव 'टँगल्ड' झाले. आमच्या अभ्यासिकेत आम्ही टियानाचा चित्रपट लावला तेव्हा सहावीतल्या एका मुलीने विचारले, "ती निम्म्याहून जास्त वेळ बेडकीच का आहे?" अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समीक्षकांनीही हेच विचारले होते. मुलीला त्यांची नावेही माहीत नव्हती.

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर लोक रस्त्यावर उतरले. महिन्याभरात डिस्नेने जाहीर केले की स्प्लॅश माउंटनच्या जागी टियाना येणार. तयारी आधीच्या वर्षापासून सुरू होती, असे कंपनीचे म्हणणे. २०२४ मध्ये फ्लोरिडात आणि नंतर कॅलिफोर्नियात 'टियानाज बायू अॅडव्हेंचर' सुरू झाली. टोकियोतला जुना डोंगर तसाच राहिला. टियानाला प्रेरणा ठरलेल्या लिया चेज यांच्या न्यू ऑर्लिन्समधल्या खानावळीत नागरी हक्क चळवळीचे कार्यकर्ते जमत. नव्या राइडमधली टियाना कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था चालवते. याचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

पण राइडमध्ये घडते काय? टियाना मेजवानीसाठी वादक शोधते. ते सापडतात. नाच होतो. चित्रपटातला खलनायक गायब. पाट तोच, उडी तीच, पण कुणापासून सुटण्यासाठी खाली पडायचे हे कळत नाही. आधी काळा माणूस काढून संघर्ष ठेवला होता. आता काळी स्त्री आणली आणि संघर्ष काढला. म्हणजे डोंगरात दोन्ही एकत्र मावतच नाहीत काय?

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले आज अॅनिमेशन शिकत आहेत, मोबाइलवर चित्रे हलवत आहेत. उद्या त्यांना कुणीतरी सांगेल की तुमच्या गोष्टीला प्रेक्षक नाही. त्यांनी वरचे आकडे पुढे ठेवावेत. कुणी म्हणेल, चेहरा तुमचा घेतो, पण भांडण नको. तेव्हा त्यांनी कोल्ह्याला गोष्टीतून काढू देऊ नये. सशाची हुशारी कोल्ह्यासमोरच दिसते, आणि तो नसला तर ती उडी नुसते अंग भिजवण्यापुरती उरते.