सोडवायची करवत

जुन्या घराची दुरुस्ती काढली की पहिले काही दिवस घरात नवं असं काहीच उभं राहत नाही. नुसतं काढणं चालू असतं. फुगलेलं दार काढा, वाळवीने पोखरलेली रीप काढा, खिडकीचा गंजून चिकटून बसलेला गज काढा, कोणे काळी कुणीतरी ठोकून ठेवलेली फळी काढा. जोडण्याच्या कामाला आपल्याकडे मान आहे, त्यासाठी सुताराला बोलावतात. काढायचं काम बिगाऱ्याच्या गळ्यात. त्याच्या हाती पहार, घण नि छिन्नी. तो बिचारा मनापासून घाव घालतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत बापजाद्यांच्या वेळची सागवानी चौकट उभी चिरलेली असते. मग चुलीसाठी सरपण झालं म्हणायचं आणि बाजारात फ्लश डोअरचा भाव विचारायला जायचं.

विजेवर मागेपुढे धावणाऱ्या करवतीवर माझा जीव जडला तो या सरपणापायी. दुकानात तिला रेसिप्रो सॉ म्हणतात, कुणी सेबर सॉ. १९५१ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी कंपनीने हातात धरायची अशी करवत बाजारात आणली. आज ती बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्या बनवतात. दिसायला बेढब. मागे मूठ, मध्ये मोटर, पुढे रबराने मढवलेला गळा आणि त्यातून बाहेर डोकावणारं वीतभर पातं. मोटर फिरते गोल, पण आतल्या दातेरी चाकांमुळे ते फिरणं शिवणयंत्राच्या सुईसारखं सरळ रेषेतलं होऊन पात्याला मिळतं. मिनिटाला २,८०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला पंचेचाळीसच्या वर. डोळ्याला पातं दिसतच नाही, नुसती एक धूसर पट्टी थरथरताना दिसते.

आमच्याकडे येणाऱ्या मिस्त्रींना ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, ही करवत नव्हे. हिला ना रेघ कळत, ना गुण्या." बरोबरच होतं त्यांचं. कपाटाची फळी काटकोनात कापायला ही काढणं म्हणजे लाकडाचा अपमान. काप वाकडातिकडा येतो, कडेला कुसं निघतात. तिची हुशारी दुसरीकडे आहे. हातकरवतीला हात मागेपुढे करायला हातभर मोकळी जागा लागते. हिला लागत नाही. वाशाच्या आणि भिंतीच्या बेचक्यात, दोन रिपांच्या मधल्या अंधारात, जिथे कोपरसुद्धा हलत नाही, तिथे हिचं पातं शिरतं. शिवाय ते लवतं. भिंतीला चिकटून वाकवलं तरी कापत राहतं.

चौकटीचंच घ्या. सिमेंटच्या जमान्यात बसवलेली चौकट भिंतीत धरून ठेवतात लोखंडी पट्ट्या, ज्यांना गवंडी होल्डफास्ट म्हणतात. एक टोक चौकटीला स्क्रूने आवळलेलं, दुसरं भिंतीत सिमेंटने पुरलेलं, एकेका बाजूला साधारण तीन. पहारीने चौकट ओढली की पट्टी हटत नाही, लाकूड फाटतं. त्याऐवजी चौकटीच्या कडेचा गिलावा खरवडायचा, चौकट आणि चिरा यांच्यामधली बोटभर फट मोकळी करायची आणि तीतून पातं वरून खाली सरकवत न्यायचं. चुन्यातून जाताना नुसती खरखर आणि नाकात धूळ. पट्टी लागली की आवाज एकदम चिरका होतो, मनगटात झिणझिण्या येतात, फटीतून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. इथे घाई करायची नाही. खटका अर्धाच दाबायचा, वेग उतरवायचा. लोखंडाला वेग दिला की पात्याचे दाते जळतात. मग आवाज पुन्हा मोकळा होतो. एक पट्टी सुटली. सगळ्या सुटल्या की चौकट आपल्याच वजनाने जराशी कलते, आणि दोघांनी धरून अख्खी बाहेर काढता येते. (त्याहून जुन्या घरांत चौकटीच्या आडव्या लाकडांची टोकंच भिंतीत शिरलेली असतात. तिथे लाकडाचं पातं लावून टोकांचा बळी द्यावा लागतो, पण उभे खांब वाचतात.)

हे जमतं त्याचं मर्म दात्यांच्या दिशेत आहे. आपली नेहमीची हातकरवत पुढे रेटताना कापते. हिचे दाते मागे वळलेले, ही ओढताना कापते. म्हणून पात्याच्या बुडाशी असलेला लोखंडी पाय कामावर दाबून धरणं हा पहिला धडा. पाय सुटला की पातं लाकूड कापायचं सोडून धरणाऱ्यालाच गदागदा हलवतं. नवखा माणूस अशा वेळी मशीनला दोष देतो.

घ्यायची कुठली, हे विचारणारे वॉटवर अडतात. घरकामाला हजार-अकराशे वॉट पुष्कळ. माकिताची जेआर ३०५० टी १,०१० वॉटची, बॉशची जीएसए ११०० ई नावाप्रमाणे १,१०० वॉटची. दोन्हींचं पातं २८ मिलिमीटर मागेपुढे होतं. वॉटपेक्षा मी तीन गोष्टी बघेन. वेग खटक्यावर कमीजास्त होतो का, पातं बिनापान्याचं बदलता येतं का, आणि मशीन डोक्याच्या वर धरून हात किती वेळ टिकतो. तीन-चार किलो वजन दुकानाच्या काउंटरवर काहीच वाटत नाही. आढ्याखाली शिडीवर उभं राहिल्यावर वाटतं.

बॅटरीची घ्यावी की वायरची, यावर माझं मत वायरच्या बाजूने आहे. घरातला माणूस ही मशीन वर्षातून मोजक्या वेळा काढणार. तेवढ्यात न वापरलेली बॅटरी म्हातारी होते. वायरची मशीन पाच वर्षांनी काढली तरी फार तर मोटरचे कार्बन ब्रश बदलावे लागतील, ते हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. वायरीची कटकट असते, पण ती आवरता येते. एक्स्टेंशन जाड तारेचं घ्यावं आणि वेटोळं पूर्ण उलगडून वापरावं. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते. बारीक, लांबलचक वायरीत विजेचा दाब उतरतो आणि मोटर रडू लागते. प्लगला दोनच पिना दिसल्या तर फसवलं असं समजू नये. मशीनवर चौकोनात चौकोन काढलेला असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची आहे, तिला अर्थिंगची पिन नसतेच.

वायरीची खरी मर्यादा कोकणाने २०२० मध्ये दाखवली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, सुपारीच्या नि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवर झाडं पडली, आणि विजेचे खांबही त्यांच्याबरोबरच गेले. कित्येक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. तेव्हा कामाला आली ती कुऱ्हाड, कोयती आणि ज्याच्याकडे असेल त्याची पेट्रोलची चेनसॉ. एरवी अंगणातली वाळकी फांदी उतरवायला ही करवत उत्तम, फक्त शहरात झाडाला हात लावण्याआधी परवानगी घ्यावी. १९७५ पासून तसा कायदाच आहे.

पात्यांवर मात्र कंजुषी नको. मशीन कुठलीही असो, कापतं ते पातं. ओल्या-सुक्या लाकडाला इंचात पाच-सहा दाते, खिळे असलेल्या जुन्या लाकडाला दहाच्या आसपास, लोखंडाला चौदा ते अठरा, पातळ पत्र्याला चोवीस. कापायच्या वस्तूच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते बसले पाहिजेत, नाहीतर पत्रा दात्यांच्या मध्ये अडकून पातं मोडतं. बायमेटलचं पातं घ्यावं: पाठ लवचीक पोलादाची, दाते कठीण हायस्पीड स्टीलचे. वाकतं, पण सहसा तुटत नाही. लांबी इतकी की पातं मागे आलं तरी टोक कामाच्या पलीकडे राहील. टोक आत कशावर आपटलं की मशीन उसळी मारते.

आणि भिंतीत काय आहे ते आधी बघावं. पात्याला वाशातला खिळा आणि भिंतीतली वायर यांत फरक कळत नाही. त्या खोलीचा एमसीबी पाडायचा आणि करवतीला वीज दुसऱ्या खोलीतून आणायची. चष्मा आणि मास्क हवेतच. जुन्या सिमेंट पत्र्यांना तर हिचं पातं लावूच नये. त्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही.

मिस्त्रींचं मत तसं बदललेलं नाही. लाकडावर शेवटचा काप ते अजून हातकरवतीनेच घेतात. पण मागच्या पावसाळ्याआधी पडवीतली चौकट सोडवायची होती तेव्हा ते स्वतःहून म्हणाले, "ताई, ती तुमची तोडायची मशीन काढा." चौकट अंगणात आडवी ठेवल्यावर त्यांनी कापलेल्या पट्ट्यांची बाहेर आलेली थोटकं कानशीने घासली, प्रत्येकाभोवती खडूने गोल काढले, आणि रंध्याला धार लावायला बसले. पोराला बजावलं, गोलांच्या जवळ रंधा न्यायचा नाही, पातं गेलं तर पैसे तुझ्या पगारातून.