आईच्या हातचं तेल

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईहून गोव्याला जहाजाने गेलो. व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव तिकिटातच. मालिशचे पैसे मात्र वेगळे. दर वाचून मी मागे फिरले. तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो! गोव्याला बरेचजण उतरले, त्या दिवशी दर कमी होता. हे म्हणाले, "जा गं, मुलांना मी बघतो."

त्या मुलीने पाय हातात घेतले नि मला संकोचच वाटला. वर्गात उभं राहायचं, घरी ओट्यापाशी. पोटऱ्यांतल्या गाठी तिला लगेच सापडल्या. मी आपली "पुरे, पुरे" म्हणतेय! दुसऱ्याच्या हातचं तेल अंगाला लागलं होतं ते धाकट्याच्या बाळंतपणात, आईच्या हातचं. त्याला आठ वर्षं झाली. आई जाऊन तीन. उशीत तोंड खुपसून रडून घेतलं.

बाहेर आले तर धाकटा म्हणाला, "आई, कसला गं वास?"

"तेलाचा," म्हटलं.