अभिधेचे आकाश

साहित्याने वैमानिकावर नेहमीच थोडे अधिक प्रेम केले आहे. अंत्वान द सेंत-एक्झुपेरी यांची रात्रीच्या उड्डाणावरील कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून वाचकाच्या मनात वैमानिकाची जी प्रतिमा रुजली आहे ती एकट्या माणसाची आहे. खाली अंधार, वर तारे आणि मध्ये तो, आपल्याच विचारांत बुडालेला. प्रवासी विमाने चालविणाऱ्या आम्हा मंडळींची स्थिती निराळी आहे. आम्ही कामावर कधीच एकटे नसतो आणि चिंतनाला फारसा अवसरही मिळत नाही. आमचा बहुतेक वेळ वाचण्यात, बोलण्यात आणि दुसऱ्याने बोललेले त्याला पुन्हा म्हणून दाखविण्यात जातो. एका अर्थी हा भाषेचाच व्यवसाय आहे. म्हणूनच साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे त्याविषयी काही मांडावे असे आम्हांस वाटले.

आमचे वडील महाविद्यालयात मराठी शिकवीत, त्यामुळे शब्दशक्तींची नावे आमच्या कानांवर लहानपणीच पडली. अभिधा वाच्यार्थ सांगते, लक्षणा त्याला वळसा घालते आणि व्यंजना न उच्चारलेले सुचविते. आनंदवर्धनाने ध्वनीला काव्याचा आत्मा मानले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. कॉकपिटात मात्र या तिघींपैकी एकीलाच प्रवेश आहे. तेथे जे म्हणावयाचे ते वाच्यार्थानेच, ठरलेल्या शब्दांत, एकच अर्थ निघेल असे. नियम म्हणून हे सोपे आहे. पण माणसे बोलू लागली की व्यंजना कोठून तरी आत येतेच, आणि आमच्या दैनंदिन कामाचा मोठा भाग तिच्यावर नजर ठेवण्यात जातो.

आधी आमच्या बॅगेविषयी. परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, पासपोर्ट, हेडसेट, टॉर्च, चमकणारे पट्टे असलेले जाकीट आणि टॅब्लेट एवढा ऐवज तिच्यात असतो. डोळ्यांना चष्मा असेल तर दुसरा चष्मा जवळ बाळगणे बंधनकारक असते. उन्हाचा चष्मा पोलराइज्ड काचांचा चालत नाही, कारण त्यातून समोरचे पडदे काळवंडलेले दिसू शकतात. आमच्या उमेदवारीच्या काळात याच बॅगेत नकाशांची जाडजूड बाइंडरे असत. दर पंधरवड्याला सुधारित पानांचे पाकीट येई आणि जुनी पाने काढून नवी घालीत बसावे लागे. घरचे त्यास आमची पोथी म्हणत. पाठचिकित्सा करणाऱ्यांना या कामाची गंमत कळेल. दोन वैमानिकांजवळ एकाच विमानतळाच्या दोन आवृत्त्या असणे हा आमच्याकडे केवळ पाठभेदाचा प्रश्न नसतो. आता ते सारे टॅब्लेटमध्ये आले आहे आणि अठ्ठावीस दिवसांच्या चक्राने आपोआप बदलते. खांद्याचे ओझे गेले, तरी तारीख पाहून मगच वाचावयाची सवय राहिली.

पहाटे सहाचे उड्डाण असेल तर दिवस तीनच्या आधी सुरू होतो. विमानतळावर प्रथम एका नळीत फुंकर मारून आपण मद्य घेतलेले नाही हे सिद्ध करावे लागते. त्यामुळे अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा आम्हांला वर्ज्य असतो. मग हवामान, इंधन, वाटेतील सूचना यांची वाचने होतात. दोघांपैकी एकजण जाकीट चढवून विमानाभोवती फेरी मारतो. टायर, इंजिनाची पाती, वेग मोजणाऱ्या नळ्या डोळ्यांखालून घालतो. दुसरा आत बसून मांडणी करतो. दिवसाला अशी तीन-चार उड्डाणे होतात आणि प्रत्येक वेळी तेच शब्द त्याच क्रमाने म्हणावयाचे असतात.

या म्हणण्याला चेकलिस्ट असे नाव आहे. तिची जन्मकथा प्रसिद्ध आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील डेटन येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे बॉम्बर विमान चाचणीच्या वेळी कोसळले. विमान उभे असताना वाऱ्याने त्याचे सुकाणू हलू नये म्हणून लावलेला अटकाव काढावयाचा राहिला होता. चालविणारे अत्यंत अनुभवी होते. तेव्हा यापुढे स्मरणावर विसंबावयाचे नाही असे ठरले आणि करावयाच्या गोष्टी कागदावर आल्या. एकाने विचारावे, दुसऱ्याने प्रत्यक्ष पाहून उत्तर द्यावे, अशी तिची रीत आहे.

आता यातील अडचण पाहा. रोज चार वेळा वाचलेली यादी महिन्याभरात तोंडपाठ होते, आणि पाठ झालेला मजकूर माणूस वाचीत नाही, म्हणतो. आरती म्हणताना आपले लक्ष शब्दांवर कितीसे असते? १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचे एक बोइंग ७३७ उड्डाणाच्या तयारीत होते. यादीतील बर्फरोधक यंत्रणेचा प्रश्न आला आणि उत्तर मिळाले, बंद. फ्लोरिडाच्या उबदार हवेत हे उत्तर रोज बरोबरच असे. त्या दिवशी खिडकीबाहेर बर्फ होते, तरी जिभेने सवयीचा शब्द उच्चारला. यादी तेथे म्हटली गेली, वाचली गेली नाही. पाठ असलेली कविता वर्गात चाळिसाव्यांदा शिकविणाऱ्या अध्यापकाला हा भेद आमच्याइतकाच परिचित असावा.

रेडिओवरील भाषा तर याहून आवळलेली. इंग्रजीतील आकडेही तेथे मुद्दाम वेगळे उच्चारले जातात, तीनला ट्री आणि नऊला नायनर, म्हणजे खरखरीत ऐकणाऱ्याचा घोटाळा होऊ नये. नियंत्रकाने दिलेली परवानगी जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते आणि ती त्याने ऐकून तपासावी लागते. या काटेकोरपणामागे २७ मार्च १९७७ चा दिवस आहे. टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुके होते. केएलएमच्या बोइंग ७४७ ला अजून उड्डाणाची परवानगी नव्हती, आणि पॅन अ‍ॅमचे दुसरे ७४७ त्याच धावपट्टीवर होते. केएलएमच्या सहवैमानिकाने इंग्रजीत एक वाक्य उच्चारले. त्याचा अर्थ 'आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत' असाही होत होता आणि 'आम्ही उड्डाण करीत आहोत' असाही. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला. विमान मात्र दुसऱ्या अर्थाने धावत होते. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना वा ती रद्द करतानाच उच्चारावयाचा, एरवी 'डिपार्चर' म्हणावयाचे, असा दंडक पडला. कवितेत ज्या द्व्यर्थी ओळीवर आपण तासभर बोललो असतो, तसल्या एका ओळीची ही किंमत होती.

टेनेरिफच्या हकिगतीत आणखी एक वाक्य आहे आणि आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे. विमान धावू लागल्यावर केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले की, ते पॅन अ‍ॅमचे विमान बाजूला झालेले नाही काय? कप्तानाने ठासून सांगितले की झाले आहे. इंजिनिअर पुढे बोलला नाही. कप्तान त्या कंपनीचे नामांकित प्रशिक्षक होते. वॉशिंग्टनच्या विमानातही धावपट्टीवर असतानाच सहवैमानिकाने आकडे बरोबर वाटत नसल्याचे पुन्हा पुन्हा सुचविले. कप्तानाने ते मनावर घेतले नाही. विमान उठले, पण पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले आणि ७८ जण दगावले. दोन्ही ठिकाणी धोका कोणाला तरी दिसला होता. त्याने तो सुचविला. 'थांबवा' असे कोणी म्हटले नाही. ज्येष्ठाचा मान राखून, प्रश्नाचा आडपडदा धरून सत्य सांगणे ही व्यंजनाच होय, आणि तेथे ती कमी पडली.

आम्हा मराठी माणसांना हे परके वाटू नये. वडीलधाऱ्यांना तोंडावर 'तुमचे चुकते आहे' असे आपण म्हणत नाही. 'मला आपलं वाटतं', 'नाही, तसं काही नाही, पण', अशी वळणे घेत आपण मुद्द्याशी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. यालाच आपण संस्कार म्हणतो. घरात, वर्गात, सभेत तो शोभून दिसतो.

एका पावसाळ्यातील गोष्ट सांगतो. नैर्ऋत्येचा झोडपता वारा होता आणि आम्ही घाटकोपरवरून मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरत होतो. विमान आमच्या हाती होते. शेजारी नोकरीत नवीनच लागलेली विदर्भातील एक सहवैमानिक होती. जमीन पाचशे फुटांवर असता वाऱ्याच्या एका झोताने वेग मर्यादेबाहेर गेला. तिने 'स्पीड' म्हटले. पुढच्या क्षणी दुसरा झोत आला आणि तिने स्वच्छ आवाजात 'गो-अराउंड' म्हटले. हा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारला की उतरणे सोडून पुन्हा वर जावयाचे, चर्चा नंतर, असा नियम आहे. आम्ही वर गेलो, फेरी घातली आणि वीसेक मिनिटांनी शांतपणे उतरलो. पुढे क्रूच्या बसमध्ये ती म्हणाली, "सर, रागावला नाहीत ना? खरं सांगू, आधी तोंडावर आलं होतं, 'सर, वारा जरा जास्तच आहे ना?' ते गिळलं आणि मग तो शब्द बोलले. छातीत नुसतं धडधडत होतं."

ते गिळलेले वाक्य आमच्या मनातून जात नाही. मराठी म्हणून ते किती सुंदर आहे! त्यात आदर आहे, सूचना आहे, ऐकणाऱ्याच्या शहाणपणावर विश्वास आहे. आणि पाचशे फुटांवर, पावसात, त्याचा उपयोग शून्य होता. वीस-बावीस वर्षांचे संस्कार एका क्षणात बाजूला सारून तिने एक रुक्ष इंग्रजी शब्द उच्चारला. आमच्या लेखी त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम तेच होते.

हे काम शिकविले जाते आणि तपासलेही जाते. वर्षातून दोनदा आम्हांला सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. सहा पायांवर डोलणारी ती बंद खोली रात्रंदिवस चालते, त्यामुळे परीक्षेची वेळ मध्यरात्री दोनची असू शकते. व्ही-वन म्हणजे ज्या वेगानंतर थांबावयास धावपट्टी पुरेल असे धरता येत नाही तो वेग. तो येताच कप्तान इंजिनाच्या दांड्यांवरून हात काढून घेतो, आणि नेमके तेव्हाच परीक्षक एक इंजिन बंद पाडतो. एका इंजिनावर वर जाणे, फिरून येणे, उतरणे, न उतरता पुन्हा उठणे, सारे काही करून दाखवावे लागते. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा, आणि तोवर उड्डाण बंद. ठराविक काळाने होणारी वैद्यकीय तपासणी वेगळीच. दर सहा महिन्यांनी घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे चार तासांपुरती टांगणीला लागतात, असा व्यवसाय क्वचितच असेल.

या परीक्षेत एक प्रसंग असतो. परीक्षक दोघांपैकी एकाला हळूच सांगतो, आता बोलू नका. दुसऱ्याने नेहमीप्रमाणे आकडा पुकारावा. उत्तर नाही. पुन्हा पुकारावा. दुसऱ्यांदाही उत्तर आले नाही की शेजारचा माणूस अक्षम झाला असे समजून त्याने विमान आपल्या हाती घ्यावे आणि तसे स्पष्ट म्हणावे. मौनाचा अर्थ दोन हाकांत निश्चित करावयाचा. येथे मात्र एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. उत्तराच्या आधीचा अर्धा सेकंद, 'चेक्ड' या शब्दातील थकवा, एरवी मोकळे बोलणाऱ्याचे एकाएकी गप्प होणे, हे सारे ज्याला ऐकू येते तोच पहिली हाक वेळेवर मारतो. म्हणजे व्यंजना कॉकपिटातून हद्दपार झालेली नाही. तिने फक्त जागा बदलली आहे. बोलणाऱ्याने तिचा आश्रय घ्यावयाचा नाही, पण ऐकणाऱ्याचा कान तिच्यासाठी उघडा हवा. 'वारा जरा जास्तच आहे ना?' एवढेच कोणी म्हटले तरी त्यामागचा 'थांबवा' कप्तानाला ऐकू आला पाहिजे.

अभिनवगुप्ताने अशा श्रोत्याला सहृदय म्हटले आहे. काव्याचा आस्वाद घेण्यास जी पात्रता लागते तीच डाव्या बाजूच्या आसनावर बसण्यासही लागते, असे आम्ही आता मानतो. फरक एवढाच की रसिक ध्वनी ऐकून तेथेच रमतो. आम्हांला तो ऐकून ताबडतोब वाच्यार्थात आणावा लागतो आणि शेजाऱ्याला विचारावे लागते, तुम्हांला थांबावे असे म्हणावयाचे आहे काय? असे स्पष्ट विचारले गेले की कनिष्ठाचा धीर वाढतो, आणि पुढच्या वेळी तो स्वतःच तो शब्द उच्चारतो.

वर्गातही 'सर, थोडं वेगळं वाटतं' असे अर्धवट म्हणून खाली बसणारे विद्यार्थी असतीलच. तेथे कोणाचा प्राण जात नाही. एक मत मात्र जाते, आणि ते गेल्याचे कोणत्याही अहवालात येत नाही.