चाकांवरचा संसार

परदेशात म्हणे मोटारीतच घर असतं. पलंग, चूल, न्हाणीघर, सगळं चाकांवर. आम्हा घनसावंगीकरांना त्याचं नवल नाही. आषाढीला आमच्या दिंडीबरोबर जो टेम्पो निघतो, त्यात याहून मोठा संसार असतो. तंबू, पातेली, पिठाची पोती, टपावर पाण्याची टाकी आणि ज्यांचे गुडघे आता विठ्ठलाचंही ऐकत नाहीत अशा पाच-सहा आज्या. फरक एवढाच, की तिकडचं घर चालतं आणि आमचं डुलतं.

वारकऱ्यानं डुलावं, टेम्पोनं डुलू नये. वळण आलं की आतली भांडी डावीकडे, आज्या उजवीकडे. समर्थांचं जांब आमच्याच तालुक्यातलं. समर्थ देशभर हिंडले ते पायी. का, ते या टेम्पोत बसल्यावर कळतं.

शेवटी मारुतीच्या पारावर बैठक बसली. "पाटे वाढवा," एकानं सांगितलं. मागच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा चढला. टेम्पोचं वाकणं थांबलं आणि उड्या सुरू झाल्या. आधी खड्डा निदान पाटे गिळायचे. आता तो परस्पर आज्यांच्या कमरेत जमा होऊ लागला.

मग हवा. आमच्याकडे हवा पायानं मोजतात. टायरला लाथ हाणायची आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. एक जण म्हणाला, "दगड झालाय, काढा." दुसरा म्हणाला, "बसलाय बगा, भरा." टायर तोच, लाथा दोन! हवेचा टायर चालता केला तो डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं, १८८८ साली, पोराच्या तीनचाकी सायकलीसाठी. लाथेशी या वस्तूचा संबंध तेवढाच असावा.

अखेर टेम्पो जालन्याच्या मिस्त्रीकडे नेला. त्यानं लाथ मारली नाही. खिशातून मीटर काढलं. मागच्या डाव्या जोडीत ६२ पौंड, उजवीत ४८!

"काका, गाडी डुलंल नाही तर काय करंल?" तो म्हणाला. "कमी हवेचा टायर दबतो, दबून तापतो आन् तापला की फुटतो. जास्त हवेचा रस्ता नीट धरत नाही. सकाळी गाडी हलायच्या आधी मोजायची, कंपनीनं लिहिल्याप्रमाणं. चालून गरम झाल्यावर आकडा वाढतोच, तवा हवा काढायची नाही."

पाट्यांचंही त्यानं सांगितलं. पाटा वजन पेलतो. शॉकॉप वजन पेलत नाही, तो फक्त पाट्याचं नाचणं थांबवतो. आमच्या घरातही अशीच व्यवस्था आहे. मी पेलतो, ही "पुरे आता" म्हणते. पाटे वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही, टायर, ब्रेक अन् एक्सल तेच राहतात, हेही त्यानं बजावलं. जादा पाटे उतरले, गळके शॉकॉप बदलले, टाकी टपावरून खाली आली, पिठाची पोती मागच्या टोकावरून पुढे सरकली. वजन जितकं उंच, तितकी गाडी वळणावर कलंडायला बघते. टाकीतलं पाणी तर अर्धवट असलं की स्वतःच हेलकावे घेतं.

मीटर विकत घ्यायचं म्हटल्यावर खजिनदार कुरकुरले, "पाय असताना मीटर कशाला?" मी त्यांना टेम्पोकडे नेलं. आत आज्या भाकरी खात बसल्या होत्या. त्यांच्यात खजिनदारांच्या मातोश्रीही होत्या. पैसे निघाले.

त्या वर्षी मांजरसुंब्याच्या घाटात, भर वळणावर, आज्या चक्क झोपल्या होत्या. बुवांना मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दर वर्षी त्या ठिकाणी विठ्ठलाचा धावा फार मनापासून व्हायचा म्हणे!