चेहऱ्यापासूनचे अंतर

चेहऱ्याच्या छायाचित्रासाठी भिंग निवडणे म्हणजे मुळात त्या माणसापासून किती दूर बसायचे हे ठरवणे होय. नाक, कान आणि हनुवटी यांचे परस्परांशी असलेले प्रमाण अंतरावर अवलंबून असते. फार जवळ गेले की नाक अवास्तव पुढे येते आणि दीड-दोन मीटर मागे सरले की तोच चेहरा समोर गप्पा मारत बसलेल्या माणसाला दिसतो तसा निवांत होतो. मात्र इतक्या दुरून ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट भरायची, तर नेहमीच्या ५० मिलिमीटरऐवजी ७५ ते ९० मिलिमीटर नाभीय अंतराचे, म्हणजे आखूड टेलिफोटो भिंग लागते. दीड मीटरवरून ९० मिलिमीटरचे भिंग उभ्या चौकटीत सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचे दृश्य घेते, त्यात डोक्यापासून छातीपर्यंतचा माणूस सामावतो.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात भिंगातून पाहायचे नसते. शेजारच्या खिडकीतून पाहताना मध्यभागच्या फिक्या चौकोनात पापणी दोनदा दिसते आणि फोकसची कडी हळूहळू फिरवली की दोन्ही पापण्या सरकत येऊन एक होतात. १९५४ सालच्या लायका एम३ च्या खिडकीत ५०, ९० आणि १३५ मिलिमीटरच्या चौकटी आखलेल्या होत्या. परंतु १३५ ची चौकट बारीक असते आणि फोकसमधील किरकोळ चूकही तेथे ठळक होते, म्हणून ९० हाच सुखाचा मुक्काम ठरतो.

एम३ च्या आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. गायकाचे छायाचित्र घेणाऱ्याला हा कॅमेरा का मानवतो, ते रमणबागेच्या मैदानावर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या त्या मांडवाची आठवण काढली की उमगते. आत आरसा नसल्याने तानपुऱ्याच्या नादात खटका मिसळत नाही, टिपण्याच्या क्षणी दृश्य काळोखत नाही, आणि चौकटीबाहेरचेही दिसत असल्याने तानेसोबत उचललेला हात चेहऱ्याशी येण्याआधीच नजरेस पडतो.

उरतो प्रश्न छिद्राचा, म्हणजे भिंग किती उजेड आत घेते याचा. ९० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ/२ एवढे उघडले, तर दीड मीटरवर जेमतेम ३ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो: पापणी रेखीव, कान धूसर. तीन मीटरवर मात्र हीच खोली सुमारे १३ सेंटिमीटर होते आणि पुरा चेहरा तीत मावतो. मांडवात उजेड कमी, पण अंतर जास्त असते. त्यामुळे तेथे मोठे छिद्र निर्धास्तपणे उघडता येते. याउलट कसबा पेठेतील वाड्याच्या ओसरीवर, चौकातला उजेड आजीच्या एका गालावर उतरलेला असताना, एफ/४ चे छोटे भिंग अधिक शोभते. ते हलके असते, खिडकीतील दृश्य फारसे झाकत नाही आणि समोरच्या माणसाला बुजवत नाही.

म्हणून घरच्या माणसांसाठी एफ/४ पुरेसे आहे, मैफलीसाठी एफ/२ घ्यावे, आणि दोन्हीकडे नाभीय अंतर ९० मिलिमीटरच असावे. कारण माणसाचा मान राखून त्याच्या जवळ बसण्याचे अंतर त्या भिंगाला ठाऊक आहे.