खिडकी नसलेली खोली

प्रश्न तसा किरकोळ होता. मुंबईहून गोव्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या क्रूझवर तीन रात्रींसाठी खोली घ्यायची, ती खिडकीची की बिनखिडकीची? दरपत्रकात दोन्हींच्या भाड्यांत जो फरक होता, तो आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या किराणा-भाजीइतका होता. एवढ्याशा प्रश्नावर आम्ही तीन आठवडे घालवले. आम्ही म्हणजे नवरा-बायको, दोघेही निवृत्त. हा मजकूर दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून त्यात 'मी' कुठे सापडणार नाही.

बिनखिडकीच्या खोलीची बाजू भक्कम होती. जहाजावरचा माणूस दिवसभर डेकवर असतो, जेवणघरात असतो; खोलीत तो झोपायला आणि आंघोळीला येतो. झोपायला अंधारच लागतो, आणि आतल्या केबिनीतल्या अंधाराइतका निखळ अंधार शहरातल्या घरात मिळत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर खोली घ्यावी, कारण टोकांपेक्षा तिथे हेलकावा कमी जाणवतो; अशा जागी आतल्या खोल्याही पुष्कळ असतात. शिवाय, तीन रात्री म्हणजे किती? हा सगळा युक्तिवाद आमच्यातल्या नवऱ्याने, कागदावर दोन रकाने आखून, रीतसर मांडला.

विरुद्ध बाजूच्या रकान्यात मात्र फारसे काही लिहिले जाईना. बोट लागण्याचे कारण असे की कान सांगतो आपण हलतो आहोत आणि डोळा सांगतो खोली स्थिर आहे; क्षितिज दिसले की हे भांडण पुष्कळसे मिटते. हा एक मुद्दा झाला. पण क्षितिज डेकवरूनही दिसते. समुद्र पाहायचा म्हणावे, तर रात्री खिडकीतून काळोखाखेरीज काय दिसणार? शिवाय दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला, येताना उजव्या हाताला. म्हणजे खिडकी कोणत्याही बाजूची घेतली तरी किनारा एकाच खेपेला समोर यायचा. आमच्यातल्या बायकोने एवढेच म्हटले, "मला नको ती खोली." कारण विचारल्यावर, "कारण काही नाही, नको." रकान्यात हे कसे लिहिणार?

इथे थोडे मागे जायला हवे. आमच्यापैकी एकाचे बालपण वेंगुर्ल्याच्या बाजूचे आणि ऐन साठच्या दशकातले. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून आगबोट पकडायची, डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची, ट्रंकेला पाठ टेकून बसायचे. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे येत. आगबोट धक्क्याला न लागता बाहेर उभी राहायची आणि पडाव तिच्या कुशीला येऊन माणसे, बोचकी, कोंबड्या उतरवून न्यायचे. मुलांना झोपेतून उठवून बंदर दाखवले जाई. केबिनीची तिकिटे मोठ्या माणसांची. आमच्यासारख्यांच्या वाट्याला डेक, आणि डेकबरोबर वारा, चांदणे आणि पहाटेचा किनारा फुकट. आज हिशेब नेमका उलटा झाला आहे. सर्वांत स्वस्त तिकिटात जेवण येते, करमणूक येते. येत नाही ते आकाश. ते पायरीपायरीने विकत घ्यावे लागते: आधी गोल खिडकी, मग मोठी काच, मग बाल्कनी.

जहाजवाल्यांनाही ही उणीव ठाऊक आहे. २०११ साली 'डिस्ने ड्रीम' या जहाजाच्या आतल्या खोल्यांत गोल खिडकीच्या आकाराचे पडदे बसवले गेले; त्यांवर बाहेरच्या कॅमेऱ्यातून दिसणारा समुद्र दाखवतात आणि मधूनच एखादे कार्टूनमधले पात्र पोहत जाते. २०१४ मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीने आतल्या खोलीत भिंतभर उंचीचा पडदा लावून त्याला आभासी बाल्कनी असे नाव दिले. समुद्रावर असलेल्या माणसाला समुद्राचे चित्र दाखवण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, तेव्हा खिडकी ही केवळ चैन नसावी, असे वाटू लागते.

मग ती काय असते? मिशेल सिफ्र नावाचा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १६ जुलै १९६२ रोजी आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय उतरला. १४ सप्टेंबरला वरच्या सहकाऱ्यांनी त्याला मुदत संपल्याचे कळवले, तेव्हा त्याच्या हिशेबाने ती २० ऑगस्ट होती. त्याच्याजवळ दिवा होता, अन्न होते, वरच्यांशी बोलायला टेलिफोन होता. नव्हता तो फक्त उजेडाचा फेरा, आणि तेवढ्याने आयुष्यातले पंचवीस दिवस हिशेबातून गळून पडले. खिडकीतून आपण दृश्य पाहतो असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे आपण सारखी वेळ विचारत असतो आणि खिडकी न कंटाळता सांगत असते.

हे सारे वाचून झाल्यावर एका रात्री आमच्यातल्या बायकोने कारण सांगितले. आम्ही दोघांनी मिळून लिहायचे ठरवले ते त्या रात्रीमुळेच.

२०१९ मध्ये आमच्यातला नवरा न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात नऊ दिवस होता. विभागाला खिडकी नव्हती. दिवे चोवीस तास चालू, यंत्रांची घरघर चोवीस तास चालू. सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे भेटायला सोडत. उरलेला वेळ बायको बाहेरच्या बाकावर. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आत गेली तेव्हा त्याने विचारले, "एवढ्या रात्रीची का आलीस?" पाचव्या दिवशी त्याने तिला ओळखले नाही. तिला आई समजून त्याने विचारले, "विजयदुर्ग गेलं का?" यंत्रांची घरघर त्याला आगबोटीच्या इंजिनाची वाटत होती. आपल्याला सामानाबरोबर खाली ठेवले आहे, वर न्यायला कोणी येत नाही, बंदर निघून जाईल, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ती म्हणाली, "अजून नाही गेलं. आलं की उठवते." डॉक्टरांनी नंतर समजावले की गंभीर आजाऱ्यांना असा भ्रम पुष्कळदा होतो, आणि दिवस-रात्र न कळणे हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक असते. सातव्या दिवशी तो भानावर आला. त्याला त्यातले काहीही आठवत नाही. तिने कधी सांगितलेही नाही.

म्हणजे रकाने आखणाऱ्याला त्या खोलीची भीती नव्हती, कारण तो तिथे असूनही नव्हता. जी बाकावर बसली होती, तिलाच ती खोली आठवत होती. आणि आता त्याच किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाच्या पोटात, बिनखिडकीच्या खोलीत, रात्री तीन वाजता हा माणूस जागा होऊन "कुठे आलो?" म्हणाला, तर उत्तर देण्याची पाळी पुन्हा तिच्यावरच.

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही इतके छान बरे झाला होतात. कशाला सांगायचं?"

यापुढे आम्ही भाड्याच्या फरकावर बोललो नाही. तरीही निर्णय लगेच झाला नाही. रोजचा हिशेबी स्वभाव एका रात्रीत बदलत नाही, आणि बायकोलाही आपल्या धास्तीसाठी दोन महिन्यांचा किराणा समुद्रात टाकणे पटत नव्हते. रॉजर उलरिख यांचा १९८४ सालचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले. झाडांची थोरवी सांगताना हा दाखला नेहमी देतात. आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेले: भिंत दिसणाऱ्यांनाही खिडकी होती. उजेड दोघांनाही मिळत होता. दृश्य ही त्यापुढची पायरी.

आणि त्यातूनच वाट निघाली. दरपत्रकाच्या तळाशी खोल्यांचा आणखी एक प्रकार होता: खिडकी आहे, पण समोर जीवरक्षक होडी टांगलेली, म्हणून दृश्य अडलेले. अशा खोल्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून भाडे मधले. समुद्र जवळजवळ दिसणार नाही, पण सकाळ दिसेल. आम्हाला हवी होती ती सकाळच.

होडीबद्दल आमची काही तक्रार नाही. १९४७ च्या जुलैत रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर कित्येक वर्षे कोकणातल्या घरांत बोटीवर चढणाऱ्याला देवाला नमस्कार करायला लावत. आमच्यातल्या एकाने तो लहानपणी दरवर्षी केला आहे. खिडकीसमोर समुद्राऐवजी सुटकेची होडी असणे, हे आमच्या वयाला तसे शोभून दिसेल.

पैसे भरून झाले आहेत. जहाज विजयदुर्गाच्या बाहेरून किती वाजता जाईल, ते आम्हाला माहीत नाही. बहुधा मध्यरात्रीच जाईल, आणि किनाऱ्यापासून फार दूरूनही. आम्ही गजर लावणार नाही. पण रात्री कोणी जागे झालेच आणि "कुठे आलो?" असे विचारलेच, तर होडीच्या कडेने बाहेर किती उजाडले आहे ते पाहून सांगता येईल. दोघांपैकी कोणालाही.