बसलेलं सावज

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. चुलत्याच्या नावावर, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. सुकापूरला आज माथेरान रोडच्या दोन्ही अंगाला बिल्डिंगा उभ्या आहेत, त्यामुळे इथे कधी बंदुकीची गरज पडत होती हे नव्या माणसाला सांगून पटत नाही. पण गाढी नदीच्या वरच्या अंगाला, नेरे-मालडुंग्याकडे आमची थोडी वरकस जमीन होती. तिथे वरी-नाचणी असायची, आणि आश्विनात दाणा भरला की डुकरं उतरायची. एका रात्रीत अख्खं शेत लोळवून जायची.

ही बंदूक समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. नळीत आधी दारू ओतायची, काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायची, मग गोळी नाहीतर छर्रे, त्यावर परत काथ्या. शेवटी केप बसवायची. एवढं सगळं करून बार एकच. तो चुकला की परत सगळं पहिल्यापासून, आणि तोपर्यंत जनावर प्रबळगडाच्या पायथ्याला पोचलेलं. दारूत ओल गेली तर नुसतं फुस्स. अशा माणसाला सावज बसलेलं दिसलं तर त्याने काय करावं?

चुलता म्हणायचा, "बसलेल्या जनावरावर बार टाकायचा नाय. आधी उठवायचा." हे त्याने कुठून घेतलं ठाऊक नाही. त्याने तरुणपणी पनवेलला एका बड्या शिकाऱ्याबरोबर हाकाऱ्याचं काम केलं होतं, तिथलं असावं. साहेब लोकांच्या शिकारीत हा नियम पक्का. पाखरू उडाल्याशिवाय मारायचं नाही, ससा पळाल्याशिवाय मारायचा नाही, कारण जनावराला संधी मिळाली पाहिजे. ऐकायला बरं वाटतं. पण साहेबाच्या हातात दुनळी असायची, खिशात काडतुसं, आणि शिकार नाही मिळाली तर घरी जेवण तयार.

आमच्या बरोबर एक कातकरी मामा असायचे. रान त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. उन्हाच्या वेळी ससा कुठल्या गवताच्या बुडाशी दबून बसलाय ते चालता चालता सांगायचे. त्यांना चुलत्याचा नियम कधी पटला नाही. ते म्हणायचे, "पोटासाठी मारायचा ना? मग बसल्या जागी मार. त्याला कळायच्या आत मेला पायजे." दोघांचा वाद वर्षानुवर्षं चालला. तंबाखू एकमेकांची खायचे आणि भांडायचे.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेन. नाल्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत, सावलीला, एक मोठा नर डुक्कर पडलेला मामांनी दाखवला. चिखलात लोळून आलेला होता, अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. आम्ही वीस-पंचवीस पावलांवर. मामांनी बोटाने खूण केली, टाक. चुलत्याने मान हलवली, मला दगड उचलायला सांगितलं आणि जाळीत मारायला लावला. डुक्कर उठला तो सुटलाच. बार झाला, धूर झाला. धूर विरल्यावर दगडांवर रक्त दिसलं, डुक्कर नव्हता. गोळी पोटात लागली होती. अंधार पडेपर्यंत रक्त धरून फिरलो, मग रक्तही दिसेना. तिसऱ्या दिवशी घारी फिरताना बघून मामांनी त्याला शोधला, पाण्यात तोंड घालून मेलेला. मांस फुकट गेलं होतं. मामा एवढंच म्हणाले, "दिली त्याला संधी."

चुलता चार दिवस कोणाशी बोलला नाही. त्याने नियम सोडला नाही, पण बदलला. नंतर तो आडोसा घेऊन बसायचा आणि बारीक शीळ घालायचा. निजलेलं जनावर एकदम पळत नाही, आधी उठून उभं राहतं, कान टवकारतं, कुठून आवाज आला ते बघतं. तो जो क्षणभर वेळ असतो, तेवढ्यात बार. ना बसलेलं, ना पळतं. मामांनी हे बघितल्यावर वाद थांबला असं नाही, पण कमी झाला.

हा प्रश्न काही आमच्या दोघा म्हाताऱ्यांचाच नव्हता. जिम कॉर्बेटचं कुमाऊँच्या नरभक्षकांचं पुस्तक 1944 साली आलं. त्यात मोहन गावचा वाघ आहे. त्या वाघाने माणसं खाल्लेली. कॉर्बेटला तो गाढ झोपलेला सापडला आणि त्याने तसाच मारला. नंतर मात्र तो स्वतःशी हिशेब मांडत बसतो. नरभक्षक मरायलाच हवा होता, मग जागा काय नि निजलेला काय. आणि उठवून सोडला असता तर पुढच्या मेलेल्या माणसांचं पाप कोणावर? एवढं सगळं पटवून घेऊनही त्याची रुखरुख जात नाही. मला त्या पानावर कॉर्बेट फार जवळचा वाटला.

आमच्याकडे पोथीतही हे आहेच. पंडू राजाने हरणाच्या जोडीवर बाण टाकला. ते हरीण म्हणजे किंदम ऋषी. पंडूचा बचाव असा, की हरीण सावध असो की बेसावध, राजे मारतातच. ऋषीची तक्रार ऐकण्यासारखी आहे. मारलंस म्हणून नाही, थोडं थांबला नाहीस म्हणून. म्हणजे रामायण-महाभारत ऐकणाऱ्या माणसाला शिकार नवी नाही आणि तिची लाजही नवी नाही.

कायद्याचं म्हणाल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात परवान्यावर शिकार होती, आणि बंधनं होती. रात्री नाही, पाणवठ्यावर नाही, गाडीतून नाही, दिव्याच्या झोतात नाही, मादी नि पिल्लू नाही. बसलेल्या सावजाबद्दल एक शब्द नाही. 1991 च्या दुरुस्तीने ते परवानेच गेले. तो कायदा आमच्या वरकशीपर्यंत पोचायला बराच वेळ लागला, हेही खरं.

माझं स्वतःचं मत मामांच्या बाजूला झुकतं. जनावराला संधी वगैरे काही कळत नाही. त्याला दुखणं कळतं. संधी देतो ती शिकारी स्वतःच्या मिशीला देतो. पण एका गोष्टीत चुलता बरोबर होता, आणि त्याचं कारण त्याने कधी सांगितलं नाही. बसलेलं जनावर म्हणजे जाळीतला एक काळा आकार असतो. उठून उभं राहिलं की कळतं काय आहे ते. जरा पारध्याने झाडाखाली टेकलेल्या श्रीकृष्णाचं पाऊल बघितलं आणि हरीण समजून बाण सोडला. पळत्या सावजावर सोडला असता तर ती चूक झाली नसती. कोकणात डुक्कर समजून माणसावर बार टाकल्याच्या बातम्या अजून येतात. जाळीत लाकडं तोडायला बसलेला, नाहीतर दुसऱ्या बाजूने आलेला आपलाच सोबती. म्हणून मी म्हणतो, बसलेल्याला मारायला हरकत नव्हती, पण बसलेला कोण ते बघितल्याशिवाय नाही. ठासणीच्या बंदुकीत बघायला वेळ भरपूर असायचा.

बंदूक आता नाही. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची. असं करता करता चुलता म्हातारा झाला. त्याच्या मागे परवाना कोणी नावावर केला नाही.

डुकरं मात्र आहेत, उलट वाढलीत. 2015 च्या शासन निर्णयाने पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला वन खात्याच्या परवानगीने मारता येतं, पण अर्ज करून, माणूस येऊन, बंदूकवाला मिळेपर्यंत शेत राहत नाही. मग लोक नको ते करतात. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात, डुकराने चावला की जबडा फुटतो आणि ते दिवसेंदिवस तसं फिरतं. नाहीतर कुंपणाच्या तारेत रात्री करंट सोडतात.

भावकीतल्या एका पोराने मला दोन वर्षांमागे तारेचं विचारलं. आकडा टाकून तयारच होता. त्याला म्हटलं, "अरे, शिळ घातल्यावर उभा राहतो का बघायला तुझ्या तारेला डोळे हाईत का? पहाटे गवताला जाणारी तुझी आय कोण आणि डुक्कर कोण, तिला कळंल का?" त्याने तार गुंडाळली. आता शेताच्या कडेने जुन्या साड्या बांधल्यात, पाच-सहा घरांतून गोळा केलेल्या, आणि रात्री माळ्यावर बसून तो पत्र्याचा डबा वाजवतो. मीही दोन-चार रात्री सोबतीला गेलो. यंदा तरीही वरीचा एक कोपरा गेला, नाल्याच्या बाजूचा. तिथे साड्या कमी पडल्या होत्या.